उपचार सुरू करण्याआधी गोठ्याचीही चौकशी करा

प्रति,
गंभीर आजारांवर उपचार करणारे सर्व डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयांतले वैद्यकीय समाजसेवक,

सप्रेम नमस्कार.

माझ्या केसपेपरवर माझं वय आहे, वजन आहे, रक्तगट आहे. घरात आधी कुणाला कर्करोग झाला होता का, हे आहे. तंबाखू खाते का, झोप लागते का, घरी पायऱ्या किती चढाव्या लागतात, हेसुद्धा विचारून लिहून घेतलेलं आहे. घरी जनावरं आहेत का आणि त्यांचं कोण करतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. उपचारांच्या सगळ्या काळात माझे हात, माझा श्वास आणि माझे कपडे रोज ज्या जागेत होते, त्या जागेची नोंद कागदावर कुठेच नव्हती. हा एक प्रश्न तुमच्या पहिल्या भेटीच्या कागदावर यावा आणि त्याच्या उत्तराप्रमाणे उपचारांची आखणी व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मी गाई आणि शेळ्या सांभाळणारी बाई आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांतून गेले आहे. पण हे फक्त माझ्यापुरतं नाही. डायलिसिसवर असलेले, बायपास झालेले, क्षयाची औषधं घेणारे असे कितीतरी पशुपालक तुमच्यासमोर येऊन बसतात आणि त्यांच्या गोठ्याचा विषय निघतच नाही.

तुम्ही 'आराम करा' म्हणता, आम्ही मान हलवतो. पण दुभत्या गाईची धार दिवसातून दोनदा, साधारण बारा-बारा तासांनी काढावी लागते. वेळ चुकली की कास तटतटते, पुन्हा पुन्हा चुकली की कासदाहाची, म्हणजे कास सुजून दूध बिघडण्याची भीती. दुभती गाय दिवसाला ६० लिटरच्या वर पाणी पिते, उकाड्यात १०० लिटरपर्यंत जाते. ते पाणी कुणीतरी पाजतं, वैरण कुणीतरी टाकतं, शेण कुणीतरी काढतं. आजारी पडेपर्यंत हे सगळं करणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो आणि आता तोच तुमच्यासमोर बसलेला असतो. घरी गेल्यावर गाय हंबरते तेव्हा तो उठतो. उठू नये असं तुम्हाला वाटतं, त्यालाही वाटतं, तरी तो उठतो. पुढच्या भेटीत मात्र हे सांगत नाही, कारण तुम्ही रागवाल.

ही गप्प बसण्याची सवय धोक्याची आहे. केमोनंतर ताप आला की तुम्ही रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे बघता. पण ब्रुसेलोसिस (ब्रुसेला जंतूंचा आजार) किंवा क्यू फीव्हर हे जनावरांकडून माणसाला होणारे तापाचे आजार मनात आल्याशिवाय शोधले जात नाहीत. ब्रुसेलाचे जंतू कल्चरमध्ये सावकाश वाढतात. क्यू फीव्हरचा जंतू नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये येतच नाही, त्याच्या वेगळ्या तपासण्या मागवाव्या लागतात. दोन-तीन आठवड्यांपूर्वी शेळी गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, आणि रुग्णाने ते सगळं हातांनी उचललं, ही माहिती तुमच्यापाशी असेल तर निदानाची दिशा बदलते. ती माहिती काढून घेण्यासाठी रुग्णाला आधी हा विश्वास वाटायला हवा, की गोठ्याचं नाव काढलं तर बोलणी बसणार नाहीत.

'जनावरांपासून लांब राहा' हा सल्ला मला मिळाला होता, तोही ओझरता. मला त्याचा उपयोग झाला नाही, कारण त्यात सगळी कामं एकाच मापाने मोजलेली आहेत. गोठ्यातलं प्रत्येक काम सारखं धोक्याचं नसतं. निरोगी मोठ्या गाईला उघड्यावर पेंढी टाकणं वेगळं आणि व्यालेल्या शेळीची वार, म्हणजे पिल्लामागून पडणारं आवरण, काढणं वेगळं. सगळ्यात मोठा धोका वेताच्या वेळी असतो. वार, गर्भजल आणि गाभडलेलं पिल्लू यांत ब्रुसेला आणि क्यू फीव्हर या दोन्हींचे जंतू प्रचंड संख्येने असू शकतात. क्यू फीव्हरचे जंतू धुळीत महिनोन्महिने टिकतात आणि वाऱ्याबरोबर पसरतात. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात दुधाच्या शेळ्यांच्या गोठ्यांमुळे ही साथ पसरली आणि ४,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्यातल्या अनेकांनी शेळीला हातसुद्धा लावलेला नव्हता. हृदयाची झडप खराब असलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना हा आजार जुना होऊन बसण्याची भीती जास्त. तेव्हा या रुग्णांना साफ शब्दांत सांगा: वेत होत असताना आणि नंतर ती जागा स्वच्छ होईपर्यंत गोठ्यात पाऊल टाकायचं नाही.

त्याखालोखाल धोका वासरांचा. एक ते तीन आठवड्यांच्या वासराला हगवण लागली की क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातल्या परजीवीचा संशय घ्यावा लागतो. धडधाकट माणसाला तो काही दिवस त्रास देऊन जातो, पण प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या आतड्यात मुक्काम ठोकतो आणि त्याच्यावर खात्रीचं औषध नाही. क्लोरिनलाही तो दाद देत नाही. जुलाब लावणारा साल्मोनेला हा जंतूही वासरांकडून आणि कोंबड्यांकडून येतो. वासराच्या तोंडावरचे गजकर्णाचे गोल चट्टे हाताला लागतात. बुरशी लागलेली वैरण झाडताना जी धूळ उडते, तिच्यात अॅस्परजिलस नावाची बुरशी असते आणि रक्ताच्या कर्करोगाच्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसात ती गेली तर जिवावर बेतू शकतं. बिघडलेल्या मुरघासात, म्हणजे आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्यात, लिस्टेरिया हा जंतू वाढतो. जनावरांच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरा हा जंतू हाता-पायाच्या चिरेतून आत शिरतो. धारोष्ण दूध तर या काळात पूर्ण बंद, उकळूनच प्यायचं, आणि घरातल्या सगळ्यांनीच तसं प्यावं.

एवढं सगळं पहिल्याच भेटीत सांगून आम्हाला घाबरवा असं मी म्हणत नाही. यातलं कोणत्या रुग्णाला काय लागू आहे ते तुम्हाला कळतं, आम्हाला कळत नाही. ते निवडून सांगा. मला कुणी म्हणालं असतं, 'बाई, वासरांचं आणि वेताचं दुसऱ्याला करू द्या, मोठ्या गाईंना वैरण तुम्ही टाका, बूट आणि हातमोजे घाला, बाहेर आल्यावर कोपरापर्यंत साबणाने हात धुवा, जुनी वैरण दुसऱ्याने झाडायची,' तर मी ते अक्षरशः पाळलं असतं. जे पाळता येतं ते माणूस पाळतो.

आता हातांबद्दल. यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण यावर कुणीच बोलत नाही. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने बोटांची टोकं बधिर होतात. ऑक्झॅलिप्लॅटिन हे दुसरं औषध घेतल्यावर काही दिवस थंड पाण्याला किंवा थंड लोखंडाला हात लावला की बोटांत झिणझिण्या आणि कळा येतात. कॅपेसायटाबिनच्या गोळ्यांनी तळहात लाल होतात, सोलतात. हे दुष्परिणाम सांगताना तुम्ही उदाहरण शर्टाच्या गुंडीचं देता. धार काढणाऱ्या माणसाची सगळी विद्या बोटांत असते. सडात गाठ आहे का, एक सड दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का, दुधात गुठळी आहे का, हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. बोटं बधिर झाली की कासदाहाची सुरुवात हातून निसटते. पकड कमी-जास्त होते, सड दुखतो आणि एरवी शांत असणारी गाय लाथ झाडते. ती लाथ ज्याला लागते त्याच्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असू शकतात, हाडं स्टिरॉइडने किंवा हाडांत पसरलेल्या आजाराने ठिसूळ झालेली असू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा वाटणारा मारही तातडीने दाखवावा लागतो, हे आमच्यापैकी बहुतेकांना माहीत नसतं. बधिर हातांनी जनावराला इंजेक्शन देणं तर त्याहून वाईट. टिल्मिकोसिनसारखं जनावरांचं प्रतिजैविक चुकून माणसाच्या अंगात गेलं तर हृदय बंद पडू शकतं आणि त्यावर उतारा नाही. कालवडींना देतात त्या ब्रुसेलाच्या लसीत जिवंत जंतू असतात, तिची सुई टोचली तर तोच आजार व्हायची भीती. म्हणून बोटांना मुंग्या येतात का हे विचारताना, 'धार कोण काढतं? सुई कोण टोचतं?' हेही विचारा.

काखेतल्या गाठी काढल्या असतील त्या हाताला जखम होऊ न देणं महत्त्वाचं, हे मला सांगितलं गेलं. पण दाव्याचा झटका, शिंगाचा ओरखडा, गव्हाणीच्या कडेने सोललेलं कोपर हे आमच्याकडे रोजचं असतं. डायलिसिसच्या रुग्णाच्या ज्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) आहे, त्या हाताला दोरी गुंडाळून बैल किंवा म्हैस ओढायची नाही, हे त्याला याच शब्दांत सांगायला हवं. 'हातावर ताण देऊ नका' म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर दोरी येत नाही, कारण जनावर धरणं हे त्याच्या लेखी कामच नाही.

'जड उचलू नका' हेही तसंच. जड म्हणजे किती? ज्याने जन्मभर गवताचे भारे वाहिले त्याला पाण्याची बादली जड वाटत नाही. पण १५ लिटरच्या बादलीत १५ किलो पाणी असतं. बायपासनंतर छातीचं हाड सांधायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात आणि त्या काळात बऱ्याच ठिकाणी चार-पाच किलोंच्या वर उचलायला मनाई असते. तेव्हा आकडा सांगा, किलोत सांगा आणि किती आठवडे तेही सांगा. बादलीऐवजी नळी जोडा, भाऱ्याऐवजी थोडीथोडी वैरण नेऊन टाका, असं पुढचं आम्ही आमचं जुळवतो. ढकलणं आणि ओढणं हेही उचलण्यासारखंच धरायचं का, ते मात्र तुम्हीच सांगायला हवं. अडलेलं वासरू ओढून काढताना अंगाला किती हिसका बसतो याची कल्पना दवाखान्यात बसून येत नाही.

माझी सर्वांत मोठी विनंती दोन कॅलेंडरं एकत्र बघण्याची आहे. केमोच्या अनेक पद्धतींत दर २१ दिवसांनी डोस असतो. गाय माजावर येते तेही साधारण २१ दिवसांनी. तिचा माज अर्ध्या-पाऊण दिवसात संपतो, तो हुकला की पुन्हा साधारण २१ दिवस. म्हणजे एखादी गाय नेमकी डोसच्या दिवशी माजावर येत असेल तर ती पुढच्या डोसच्या आसपासही माजावर येण्याची शक्यता असते, त्याच्या पुढच्याही. हे आधी लक्षात आलं तर कुणाला तरी सांगून ठेवता येतं. डोसनंतर पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर रात्र असो, धार अर्धवट असो, निघायचं. हे मला परिचारिकेने लिहून दिलं होतं आणि त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे. पण तेच दिवस गोठ्याच्या दृष्टीने कोणते, हेही बघायला हवं. गाय सुमारे २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० दिवसांच्या आसपास, शेळी १५० दिवसांनी. भरवल्याची तारीख पशुपालकाच्या वहीत किंवा डोक्यात असते. ती विचारली तर वेत कोणत्या आठवड्यात येणार हे आजच सांगता येतं आणि त्या आठवड्यासाठी माणूस ठरवता येतो. वासराला पहिल्या दोन-तीन तासांत चीक मिळायला हवा, त्यामुळे तो माणूस ऐनवेळी शोधून चालत नाही.

केमोबरोबर दिलेल्या स्टिरॉइडमुळे सुरुवातीचे दोन-तीन दिवस अंगात हुशारी असते आणि मग माणूस कोसळतो. कुणी सांगितलं नसेल तर त्या हुशारीच्या दिवसांत माणूस साचलेलं सगळं काम उपसायला काढतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो गोठ्यातच बसून राहतो, उठवत नाही. हे आधीच सांगितलंत तर बरे दिवस मदतनिसाला काम शिकवण्यात जातील.

'जनावरं विकून टाका ना.' हे वाक्य तुमच्यापैकी अनेकजण आपुलकीने बोलतात, मला माहीत आहे. कधीकधी ते खरंही असतं. पण ते बोलण्याआधी आम्हाला आजाराची मुदत सांगा. आज गाय भरवायची की नाही हा निर्णय म्हणजे नऊ महिन्यांनंतर तिची धार काढायला मी असेन का, या प्रश्नाचं उत्तर असतं. 'बघू, औषधाला कसा प्रतिसाद मिळतो' यावर गोठ्याचा निर्णय घेता येत नाही. चार महिन्यांचा त्रास आहे आणि मग हळूहळू ताकद येईल, असं असेल तर जनावरं विकायची गरज नसते. गाभण गाई वेळेत आटवता येतात, म्हणजे त्यांची धार बंद करता येते. एरवीही वेताआधी ४५ ते ६० दिवस त्या आटवाव्याच लागतात. दोन धारांवरून एका धारेवर येता येतं. न्यूझीलंडमध्ये काही गोठे पूर्ण हंगाम दिवसातून एकदाच धार काढतात. दूध कमी होतं, पण काम निम्म्यावर येतं. हे जनावरांच्या डॉक्टरांना विचारून करायचं असतं, विशेषतः गाय भरपूर दूध देणारी असेल तर. आणि आजार बरा होण्यातला नसेल, तर तेही सांगा. ज्या माणसाला ते वेळेवर कळतं, तो आपल्या हाताने चांगलं घर बघून जनावर देतो. ज्याला कळत नाही, त्याची जनावरं घाईगर्दीत, मिळेल त्या भावात जातात, आणि ते त्याला अंथरुणावर पडल्या पडल्या बघावं लागतं. वाईट बातमी पचवायला आम्ही शिकलेले असतो. आजारी जनावराजवळ रात्र काढलेल्या माणसाला मरण परकं नसतं.

जनावरं ठेवावीत असं रुग्णाला वाटण्यामागे नुसतं उत्पन्न नसतं, हेही मोकळेपणाने सांगते. केमोच्या वाईट आठवड्यांत मला पांघरुणातून बाहेर काढलं ते गोठ्याने. मी काम करत नव्हते, दारात खुर्ची टाकून बसत होते. कुठली गाय रवंथ करत नाही, कुठली एका पायावर भार देते हे सांगत होते. माझ्या सांगण्यावरून एका गाईचा ताप वेळेत लक्षात आला. तो दिवस मला औषधासारखा लागू पडला. तेव्हा शक्य असेल तिथे 'गोठ्यात जाऊ नका' म्हणण्याऐवजी 'कुठे बसून बघायचं' ते सांगा. नजर ठेवणं हेही काम आहे आणि ते आजारी माणसाला जमतं.

निदान झाल्यापासून पहिला डोस मिळेपर्यंत तपासण्यांत काही दिवस जातातच. ते दिवस गोठ्यासाठी सोन्याचे असतात. गाय परक्या हाताला लगेच पान्हवत नाही. नव्या माणसाला आमच्या शेजारी बसवून, आमच्या आवाजासह तिला सवय लावावी लागते आणि ते आम्ही उभे असतानाच व्हायला हवं. कोण लाथ मारते, कुणाचा मागचा सड कठीण आहे, कुणाला औषध चालू आहे आणि तिचं दूध किती दिवस वेगळं ठेवायचं, हे वहीत लिहून ठेवायला लागतं. 'आठवडाभरात घरचं लावून घ्या, मग आपण सुरू करू' असं एकदा म्हणालात तरी पुरे. आठवडाही थांबता येणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आम्ही रात्रीतून माणसं गोळा करू.

समाजसेवकांना वेगळी विनंती. फिनलंडमध्ये जनावरं पाळणारा शेतकरी आजारी पडला तर त्याच्या गोठ्यासाठी बदली माणूस मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. जर्मनीत शेतकऱ्यांच्या सामाजिक विम्यातून अशी मदत मिळते. जिथे अशी सोय आहे तिथे रुग्णाला तिचा अर्ज भरून द्या, कारण आजारी माणसाला ती शोधायचं बळ नसतं. जिथे नाही, तिथे निदान एक फोन करा: शेजाऱ्याला, दूध संकलन करणाऱ्याला, जनावरांच्या डॉक्टरांना. रुग्णाला मदत मागायचा संकोच वाटतो, पण रुग्णालयातून फोन आला की लोक धावून येतात. जनावरांचे डॉक्टर आणि तुम्ही एकमेकांशी कधी बोलत नाही, तेही या निमित्ताने सुरू व्हावं. कळपात ब्रुसेलाची तपासणी झाली आहे का, अलीकडे किती गाभडल्या, हे त्यांना माहीत असतं.

शेवटी वेळेचं. तुम्ही सकाळी लवकरची वेळ देता तेव्हा रुग्ण आणि त्याच्यासोबतचा माणूस दोघेही धार सोडून निघालेले असतात. सोबत आलेला मुलगा, नवरा किंवा सून सारखं घड्याळ बघते, ती कंटाळली म्हणून बघत नाही. संध्याकाळची धार गाठायची असते. सलाइन उशिरा लागलं तर ती धार चुकते आणि मग पुढच्या डोसला यायचं की नाही, यावर घरात बोलणं होतं. डायलिसिसला तर आठवड्यातून तीनदा, दरवेळी चार-एक तास आणि येण्याजाण्याचा वेळ वेगळा. वेळ ठरवताना एकदा विचारा, 'तुमच्या धारा किती वाजता असतात?' दोन धारांच्या मधली वेळ देता आली तर द्या. देता आली नाही तर तसं सांगा, म्हणजे आदल्या दिवशीच कुणाला तरी सांगून ठेवता येईल.

आपली,
तुमच्याच उपचारांनी उभी राहिलेली एक पशुपालक